मानेतली नळी आणि पाच साधे नियम

‘मानेत नळी टाकावी लागेल, इथे सही करा.’ अतिदक्षता विभागाच्या दाराशी हे ऐकताच नातेवाइकांच्या काळजात धस्स होते. हाताला सलाइन चालू असताना मानेत नळी कशाला?

रक्तदाब टिकवणारी काही औषधे इतकी तीव्र असतात, की हाताच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपली तर तिथली कातडी काळी पडू शकते. म्हणून ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. मूत्रपिंडे अचानक बंद पडली, तर डायलिसिससाठी मिनिटाला २०० ते ३०० मिलिलिटर रक्त यंत्रात नेऊन परत आणावे लागते. त्यासाठी दोन कप्प्यांची जाड नळी लागते.

जागेची निवडही महत्त्वाची. मानेच्या उजव्या बाजूची शीर जवळजवळ सरळ हृदयाकडे जाते, म्हणून तिला पहिली पसंती. कॉलरबोनखालची शीर डायलिसिससाठी शक्यतो टाळतात. ती आकसली, तर पुढे त्या हातावर फिस्टुला करणे अवघड होते. शिरेला लागूनच धमनी असते आणि खाली फुफ्फुसाचे टोक. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत नळी टाकली, की चुकीच्या जागी टोचण्याचा धोका बराच कमी होतो.

खरी भीती असते ती जंतूंची. नळीवाटे ते थेट रक्तात जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये यावर पाच नियमांची यादी केली: हात धुणे, टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालून रुग्णावर निर्जंतुक चादर पसरणे, क्लोरहेक्सिडिनने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. एखादा नियम मोडला, तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी ही पद्धत स्वीकारली. नळीच्या दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले संसर्गाचे प्रमाण दीड वर्षात १.४ वर आले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. ठाऊक असलेलेच दरवेळी न चुकता केले, एवढेच.

नातेवाइकांनीही भेटताना हात धुवावेत, नळीला किंवा तिच्या पट्टीला हात लावू नये. पट्टी ओली वा सैल दिसली, रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर लगेच सिस्टरांना सांगावे. आणि रोज एक प्रश्न जरूर विचारावा: ‘डॉक्टर, ही नळी आजही लागणार आहे का?’ त्यात उद्धटपणा काही नाही. यादीतला पाचवा नियम तोच आहे.