आजोबांच्या तीन मिश्या

मुलांनो, एका माणसाला मिश्या किती असतात? "हा काय प्रश्न झाला?" असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या दिवाळीत माझ्या माहेरी आम्ही सगळ्यांनी तीन मिश्यांचा माणूस पाहिला. एक मिशी तांबडी, एक हिरवी आणि एक निळी! आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा आता नाहीत. त्यांच्या एकसष्टीच्या समारंभाची सीडी मात्र आहे. आई ती दर पाडव्याला लावते, तीसुद्धा बाबांनी १९९९ साली हौसेनं घेतलेल्या टीव्हीवर. हा टीव्ही म्हणजे कपाटाएवढं धूड. प्रोजेक्शन टीव्ही म्हणतात त्याला. यंदा घराला रंग द्यायचा म्हणून तो एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवला होता. सीडी सुरू झाली आणि बाबांच्या पांढऱ्या मिशीच्या झाल्या तीन!

आम्ही आधी हसलो. पण दादा म्हणाला, "आई, बास झालं आता. भंगारवाल्याला देऊन टाकू." आई काहीच बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली.

सातवीतला माझा भाचा मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आला. "आत्या, मागचं झाकण खोलू?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकलाच. का ओरडले, ते सांगते.

या टीव्हीच्या पोटात काचेच्या तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात. एक फक्त तांबडं चित्र काढते, दुसरी हिरवं, तिसरी निळं. प्रत्येकीसमोर भिंग असतं. तिन्ही चित्रं मागच्या मोठ्या आरशावर पडतात आणि तिथून पडद्याच्या मागच्या बाजूवर येतात. तिन्ही एकमेकांवर अगदी नेमकी बसली, की आपल्याला एकच रंगीत चित्र दिसतं. या ट्यूबना सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब लागतो. आपल्या घरातली वीज असते २३० व्होल्टची, म्हणजे विचार करा! शिवाय प्लग काढला तरी आत वीज साठून राहू शकते. म्हणून झाकण उघडणं हे घरच्यांचं काम नव्हेच.

"मग आपण काहीच करायचं नाही?" भाच्यानं तोंड पाडून विचारलं.

"करायचं की! आधी वही आण. डॉक्टर पोट कापण्याआधी प्रश्न विचारतात ना?"

पहिला प्रश्न : दोष सीडीत की टीव्हीत? आम्ही सीडी काढून टीव्हीचा मेनू लावला. त्याच्या अक्षरांनाही रंगीत सावल्या होत्या. म्हणजे सीडी निर्दोष सुटली!

दुसरा प्रश्न : एखादा रंग गायब आहे का? हिरवी ट्यूब बंद पडली असती, तर सगळं चित्र जांभळट दिसलं असतं. पण इथे तिन्ही रंग हजर होते, फक्त जागा सोडून बसले होते. छापताना रंग सरकलेलं चित्र तुम्ही पाहिलंच असेल, अगदी तसे.

तिसरा प्रश्न : बिघाडाआधी काय बदललं? टीव्हीची जागा आणि दिशा! ट्यूबमधल्या किरणांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही परिणाम होतो, म्हणून टीव्ही फिरवला की रंग थोडे सरकू शकतात. ते पुन्हा जुळवायची सोय मेनूतच असते. तिला कन्व्हर्जन्स म्हणतात.

टीव्ही अर्धा तास चालू ठेवून चांगला तापू दिला, कारण थंड टीव्हीवर जुळवलेले रंग तापल्यावर पुन्हा सरकतात. मग पडद्यावर रंगीत फुल्या आणल्या. हिरवी फुली जागची हलवायची नाही. रिमोटच्या बाणांनी तांबडी फुली सरकवत सरकवत हिरवीवर बसवली. दोन्ही मिळून पिवळी फुली झाली! भाच्यानं टाळीच वाजवली.

पण निळी मात्र हट्टी निघाली. डावीकडे-उजवीकडे हलायची, वर-खाली मात्र ढिम्म! निळ्या रेघाही धनुष्यासारख्या वाकलेल्या होत्या. भाच्यानं हे सगळं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारून लिहिलं, 'आमचं काम इथे संपलं.' मला त्या वाक्याचं फार कौतुक वाटलं बरं का!

दोन दिवसांनी जुन्या टीव्हीचे जाणकार मेकॅनिक आले. वही वाचून म्हणाले, "निम्मं काम तुम्हीच केलंत की!" त्यांनी आम्हाला लांब उभं केलं, प्लग काढला आणि साठलेली वीज आधी काढून टाकली. रंग जुळवणारा एक आयसी उष्णतेनं गेला होता. तो बदलला. आतल्या आरशावर धूळ दिसली म्हणून भाचा रुमाल घेऊन पुढे सरसावला, तर त्यांनी हातच धरला. या आरशाचा चांदीसारखा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. रुमालानं पुसला की कायमचे ओरखडे!

मग पुन्हा अर्धा तास थांबून निळी फुली सरकवली. तिन्ही एकत्र आल्या आणि फुली झाली पांढरीशुभ्र. सीडी लावली. बाबा हसत होते, मिशी एकच! आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि पुढ्यात येऊन बसली. या वेळी दादानंच आवाज मोठा केला.

असे टीव्ही आता कुणी बनवत नाही. मित्सुबिशी कंपनीनं बराच काळ ते बनवले, पण २०१२च्या अखेरीस तिनंही थांबवलं. तुमच्या घरच्या चपट्या टीव्हीत मात्र तेच तीन रंग आहेत. ते पाहायचे आहेत? तीन टॉर्चवर तांबडा, हिरवा आणि निळा जिलेटीन कागद लावा. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर तिन्ही उजेड एकाच जागी पाडा आणि काय दिसतं ते वहीत लिहा.

आणि घरात काही बिघडलं, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी वही काढा. नीट बघा, प्रश्न विचारा, लिहून ठेवा. आणि आपलं काम कुठे संपतं, तिथे रेघ मारायला विसरू नका. काय, जमेल ना?