संकटकाळ, दैनंदिन जीवन आणि ख्रिस्ती श्रद्धा : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाच्या आधारे

सारांश : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे एकापाठोपाठ कोसळली. या काळात ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने जगलेल्या दोन स्त्रियांनी आपले अनुभव लिहून ठेवले. प्रस्तुत लेखात त्या लेखनातून दिसणारी श्रद्धेची दृष्टी तपासण्याचा प्रयत्न केला आहे. संकट का आले, या प्रश्नापेक्षा ते आले असता आपल्या दाराशी कोण उभे आहे, हा प्रश्न दोघींनाही महत्त्वाचा वाटतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ख्रिस्ती श्रद्धा, दुष्काळ, प्लेग, आत्मकथन, मुक्ती मिशन, स्मृतिचित्रे.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) या दोघींची ओळख विद्यार्थ्यांना निरनिराळ्या वाटांनी होते. रमाबाई येतात त्या समाजसुधारक म्हणून. लक्ष्मीबाई येतात त्या आत्मचरित्रकार आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी म्हणून. दोघींच्या धर्मांतराचा उल्लेख अर्थातच होतो. परंतु तो बहुधा एक चरित्रविषयक घटना किंवा एक वादग्रस्त प्रसंग म्हणून केला जातो. धर्मांतरानंतर त्यांनी जगाकडे कसे पाहिले, रोजच्या स्वयंपाकघरात आणि साथीच्या दिवसांत त्यांची श्रद्धा काय काम करीत होती, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. श्रद्धा बाजूला ठेवून या लेखनाचा अर्थ लावता येईलही. पण मग या स्त्रियांनी जे केले ते का केले, याचे उत्तर मात्र हाती लागत नाही.

काळाची पार्श्वभूमी

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ अवघ्या चार वर्षांच्या अंतरात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि १८९७ मध्ये ती पुण्यात पसरली. त्याच वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. घरांची झडती, रुग्णांचे सक्तीचे स्थलांतर, विलगीकरणाच्या छावण्या यांमुळे लोकांत संताप पसरला आणि जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अन्न नाही, घर सुरक्षित नाही आणि सरकारवर विश्वास नाही, अशी ही अवस्था होती. या काळात केलेली कोणतीही मदत ही केवळ दयेची बाब नव्हती. ती जात, सोवळे आणि सत्ता या तिन्हींना जाऊन भिडणारी होती.

पंडिता रमाबाई : स्मृतीतून उभी राहिलेली कृती

रमाबाईंना दुष्काळ परका नव्हता. १८७० च्या दशकात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असताना दुष्काळात सापडले. जवळचा पैसा संपला. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोडक्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंना स्वतः खांदेकरी व्हावे लागले. उंची कमी असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर वाहिला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई या दिवसांकडे मागे वळून पाहतात. व्रते आणि दानधर्म यांवर भिस्त ठेवूनही कुटुंब उपाशी राहिले, हे त्या स्पष्टपणे सांगतात. परंतु ईश्वराची सेवा कर, हा वडिलांचा अखेरचा उपदेशही त्या तितक्याच प्रेमाने नोंदवतात. जुन्या श्रद्धेचा त्याग केल्यानंतरही ती श्रद्धा शिकवणाऱ्या पित्याविषयी त्यांच्या मनात कटुता नाही, ही बाब लक्षणीय आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन परतल्या. या प्रवासामागील प्रेरणा आपल्या स्वतःच्या दुष्काळात असल्याचे त्यांनी लिहिले आहे. भुकेने माणूस कसा होतो, हे ठाऊक असलेली व्यक्ती पुन्हा भुकेच्या प्रदेशात जाते, येथे श्रद्धा आणि स्मृती एकमेकींत मिसळतात. आपण वाचलो ते कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर रमाबाई सिद्धान्ताने देत नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील शेतजमीन, विहीर आणि मुलींसाठी बांधलेली घरे हेच त्यांचे उत्तर होते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. तेथील दिनक्रमात प्रार्थनेइतकेच स्थान श्रमाला होते. शेती, विणकाम, छपाई ही कामे मुली शिकत. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाची सोय होती. पुढे रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते छापण्याचे काम याच आश्रमातील स्त्रियांनी केले. दुष्काळात आणलेल्या मुलींच्या हातांनी धर्मग्रंथाचे खिळे जुळवावेत, यात रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप प्रकट होते.

ही श्रद्धा निमूटपणे सोसणारीही नव्हती. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयाची अव्यवस्था आणि तेथील स्त्रियांची असुरक्षितता यांविषयी रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रातून जाहीर तक्रार केली. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एकच, म्हणून त्यांनी सरकारला सूट दिली नाही. इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरूंशी आणि मार्गदर्शक भगिनींशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला होता. सदसद्विवेकबुद्धीचा हा आग्रह त्यांच्या श्रद्धेपासून वेगळा काढता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळक : स्वयंपाकघरातील धर्मचिंतन

लक्ष्मीबाईंचा मार्ग वेगळा होता. त्यांना औपचारिक शिक्षण मिळाले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या वडिलांचे चित्र येते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या त्या घरात मुलीच्या मनावर शुद्धाशुद्धतेची केवढी दहशत बसली असेल, याची कल्पना वाचकाला येते. हा तपशील विनोदाने सांगितला असला तरी पुढील सर्व कथनाचा तो पाया आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला आणि तो माणसानेच केला असला पाहिजे, या निर्णयास त्या आल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. त्याआधीच जात मनातून गेली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत श्रद्धेची पहिली कसोटी मंदिरात वा चर्चमध्ये लागली नाही. ती पाण्याच्या भांड्यापाशी आणि ताटापाशी लागली.

दुष्काळाच्या वर्षांत टिळकांचे घर अनाथ मुलांनी भरले. टिळकांचा स्वभाव हातचे देऊन टाकण्याचा. दुसऱ्या दिवशीच्या पिठाची काळजी मात्र घर चालवणाऱ्या बाईला. लक्ष्मीबाई ही ओढाताण लपवत नाहीत. पतीच्या औदार्यावर त्या चिडतात, भांडतात, आणि तरीही त्या मुलांना आपली म्हणतात. प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेचे प्रसंगही त्या याच सुरात सांगतात. भीती वाटली तर भीती वाटली असे लिहितात. संतत्वाचा आव नसल्यामुळेच त्यांचे कथन विश्वसनीय ठरते. एके काळी जिच्या घरात विटाळाचे भय होते, ती स्त्री साथीच्या रुग्णाच्या अंथरुणापाशी बसते. हा प्रवास कोणत्याही तात्त्विक विवेचनापेक्षा अधिक बोलका आहे.

श्रद्धेची भाषा

ही दृष्टी मराठीत आली, ती मराठीचीच वस्त्रे लेवून आली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका प्रसिद्ध आहे. अभंग, ओवी आणि कीर्तन या रूपांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. वैधव्याचे दुःख आणि अपुरे काव्य ही दोन्ही ओझी त्यांनी एकत्रच उचलली. दुःखाचे कामात रूपांतर करण्याची ही रीत रमाबाईंच्या रीतीहून फार निराळी नाही.

मर्यादा आणि आक्षेप

दुष्काळातील मदत आणि धर्मप्रसार यांचा संबंध हा या विषयातील नाजूक प्रश्न आहे. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या कारणावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे केडगाव येथे तर धर्मशिक्षण उघडपणे दिले जात होते. उपाशी मुलीला निवड करण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न अभ्यासकाने टाळता कामा नये. मात्र त्याच मुलीला त्या वेळी अन्य कोणते दार उघडे होते, हाही प्रश्न तितक्याच प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. शिवाय केडगावातील असंख्य मुलींनी स्वतःचे अनुभव लिहिलेले नाहीत; आपल्याला ऐकू येतो तो प्रामुख्याने दोन ब्राह्मण कुटुंबांतून आलेल्या स्त्रियांचा आवाज, हेही ध्यानात ठेवावे लागते.

निष्कर्ष

रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनात ख्रिस्ती श्रद्धा संकटाचे कोडे उलगडून दाखवत नाही. दुष्काळ हे पापाचे फळ की निसर्गाचा कोप, या चर्चेत त्या रमत नाहीत. वेदनेत माणसाच्या शेजारी येऊन बसणारा ईश्वर ही त्यांच्या श्रद्धेची मध्यवर्ती प्रतिमा आहे. म्हणून वेदनेतील माणसाच्या शेजारी बसणे हीच त्यांची उपासना ठरते. त्यामुळे दैनंदिन जीवन आणि संकटकाळ असे दोन कप्पे त्यांच्या जगण्यात उरत नाहीत. ज्या घरात रोजच्या पंगतीतून जात गेलेली असते, त्याच घराचे दार दुष्काळात अनाथांसाठी उघडू शकते.

२०२० च्या महासाथीत विलगीकरण, स्पर्शाचे भय आणि घराकडे पायी निघालेली माणसे आपण पाहिली. त्या अनुभवानंतर हे लेखन वर्गात शिकवताना अध्यापकाने श्रद्धेचा धागा वगळू नये, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो अथवा कोणताही धर्म न मानणारा असो, आपण ज्या मूल्यांना मानतो ती संकटाच्या दिवशी आपल्या उंबरठ्यावर टिकतात का, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारता यावा. या दोघींनी तो स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर जगून दाखवले.