एकच नट, दोन चष्मे

परवा आमच्या दादरच्या चष्म्याच्या दुकानात एक कॉलेजकुमार आला. "काका, पुलंसारखी फ्रेम दाखवा ना!"

फ्रेमने रूप कसं बदलतं ते बघायचं, तर नट सागर देशमुख आठवा. २०१९च्या 'भाई: व्यक्ती की वल्ली' या चित्रपटात पुलंची, म्हणजे पु. ल. देशपांडे यांची, काळी, जाड फ्रेम. त्याच वर्षीच्या टीव्ही मालिकेत बाबासाहेब आंबेडकरांचा गोल चष्मा. चेहरा तोच, रुबाब वेगळा!

पण फ्रेम निवडण्याआधी नंबर बघा. मायनस नंबरची काच कडेला जाड होते. फ्रेम लहान आणि बुबुळ काचेच्या मधोमध असेल, तर कड पातळ राहते. जाड अ‍ॅसिटेट फ्रेम ती कड झाकते.

नाक बसकं असेल, तर पॅडवाली मेटल फ्रेम घ्या. पॅड वाकवून नीट बसवता येतात.

तुमचा नंबर आणि आवडती फ्रेम खाली लिहा, जमेल का ते सांगतो.