मे महिन्यातलं मातीचं घर

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस. तरीही मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, हवा कोरडी होते आणि वाळवंटातलाच प्रश्न उभा राहतो: ऊन घराबाहेर कसं थोपवायचं?

जुन्या घरांनी तो मातीने सोडवला. दीड-दोन फूट जाडीची भिंत दिवसभराची उष्णता शोषते. ती आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि माणसं अंगणात खाटा टाकतात. जैसलमेरच्या दगडी भिंतींचं तत्त्वही हेच. 1940च्या दशकात इजिप्तचे वास्तुकार हसन फतही यांनी लक्सरजवळ नवं गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी उभारायला घेतलं, तेही याच विश्वासावर. छप्पर मात्र वेगळं. वाळवंटात ते सपाट चालतं, इथे पावसासाठी उतरतं, कवेलूंचं म्हणजे कौलांचंच हवं. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, हा मोठाच फायदा.

सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्रभर धगधगत राहतो. टिनाचं छप्पर तर लगेच भट्टी होतं. दरवर्षी कवेलू फेरण्याच्या कष्टातून सुटका हवी, ही गावकऱ्यांची इच्छा अगदी रास्त आहे. पण नव्या घरकुलाला निदान पश्चिमेची पडवी आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात तरी मिळायलाच हवा.

उरलेला भार डेझर्ट कूलरवर. कोरड्या मेमध्ये तो उत्तम चालतो; जूनमध्ये हवा दमट झाली की त्याच्या ओल्या ताट्यांतलं पाणी पुरेसं उडत नाही आणि खोलीत नुसती चिकचिक वाढते.