खांबावरचा दिवा कोण लावणार?

मुलांनो, रोह्याच्या नगरपरिषदेचं पूर्ण नाव ठाऊक आहे? रोहा अष्टमी नगरपरिषद! कुंडलिकेच्या एका काठी रोहा, दुसऱ्या काठी अष्टमी. कारभार मात्र एकच. पेणची नगरपरिषद वेगळी.

आता सांगा पाहू, गल्लीतला दिवा बंद पडला तर कुणाकडे जाल? नगरसेविकाबाईंकडे? बरोबर! तुमच्या आईबाबांनीच त्यांना पाच वर्षांसाठी निवडलेलं असतं. (निम्म्या जागा महिलांना राखीव असतात बरं का!) पण नगरसेवक सभेत ठराव करतात, तो अमलात आणतात मुख्याधिकारी, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. कायदा १९६५ चा. म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, एक प्रत नगरसेविकेला द्या. आणि हो, शिक्क्याची पोच मागून घ्या. नाहीतर ‘अर्ज आलाच नाही’ म्हणतात!