जेलकोटखालचे थर

साच्यातून नुकतीच सुटलेली फायबरची होडी नेहमीच देखणी असते. साचा घासून, मेण लावून गुळगुळीत केलेला असला की होडीचे बाहेरचे अंगही गुळगुळीतच येते. तिच्या पोटात काचेचे सहा थर घातलेत की चार, रेझीन कोणते वापरले, ते नीट मुरले की नाही, यांतले काहीही त्या चकाकीवरून कळत नाही. दोन होड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, लांबी तीच, रंग तोच. एक वीस वर्षे समुद्र कापते आणि दुसरीच्या तळाला तिसऱ्या हंगामात भेगा पडतात. मासेमारीची फायबर होडी पारखायची असेल तर आधी डोळ्यांवरचा विश्वास थोडा कमी करावा लागतो.

लाकडी होडीची पारख आपल्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. लाकूड साग आहे की ऐन, त्यात गाठी किती, पठाण, म्हणजे होडीचा तळाचा कणा, एकसंध आहे का, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून बसला आहे का, हे नाखव्याला सुताराशेजारी उभे राहून दिसे. लाकूड झाडाने आधीच घडवलेले असते. सुतार त्याला आकार देतो. फायबरमध्ये माल आणि होडी एकाच वेळी जन्माला येतात. कापडासारखी मऊ काचतंतूची मॅट आणि मधासारखे दाट रेझीन हे दोन्ही सुटे असताना निरुपयोगी. त्यांचे टणक द्रव्य होते ते साच्यातच, कारागिराच्या हाताखाली, तासाभरात. म्हणजे फायबर होडी बांधणारा माणूस आकारही देतो आणि मालही स्वतःच तयार करतो. या एका गोष्टीत या धंद्याचे सगळे बळ आणि सगळा धोका सामावला आहे.

हे तंत्र तसे अलीकडचे. काचतंतू आणि रेझीन यांची पहिली नाव अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरंगली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) लाकडी होड्यांवर फायबरचे आवरण चढवण्यापासून या द्रव्यावर काम केले. १९८० च्या दशकात मद्रासहून चाललेल्या बे ऑफ बेंगाल प्रोग्रॅमने पूर्व किनाऱ्यासाठी लाटांमधून थेट वाळूवर चढणाऱ्या फायबर होड्या विकसित केल्या. चांगले लाकूड महाग आणि दुर्मीळ होत गेले तसतसा कोकण-गोव्यातला लहान मच्छीमारही फायबरकडे वळला. दरवर्षी कापूस भरण्याचा खर्च नाही, किडा लागत नाही, वजन कमी म्हणून आउटबोर्ड इंजिन कमी तेल पिते आणि चार माणसे होडी वाळूवर ओढू शकतात. ही सोय खरी आहे. म्हणूनच ती टिकाऊ मिळावी याचा आग्रह धरायला हवा.

होडी कशी घडते ते पाहिले की कुठे काय बिघडू शकते हे आपोआप उमगते. साच्याला सर्वांत आधी लागतो जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड हवा. पातळ पडला तर आतल्या मॅटचे तंतू उमटतात आणि पाणी आत शिरते. जाड झाला तर तो तडकतो. त्यावर पहिली मॅट हलकी लावतात, बहुधा ३०० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम काच. या थरात हवेचा बुडबुडा राहिला तर जेलकोटमागे पोकळी राहते आणि पहिल्या धक्क्याला तिथला टवका उडतो. पुढे ४५० ग्रॅमची मॅट आणि रोव्हिंग, म्हणजे काचतंतूचे जाड विणलेले कापड, आळीपाळीने येतात. मॅट थरांना एकमेकांशी बांधते, रोव्हिंग ताण सोसते. रोव्हिंगवर थेट रोव्हिंग घातले तर दोन्ही पदर पुढे एकमेकांपासून सुटतात. म्हणून मध्ये मॅट लागतेच. प्रत्येक थर खाचांच्या रोलरने दाबून हवा बाहेर काढायची. हेच सर्वांत कंटाळवाणे काम आणि होडीचे आयुष्य ठरते ते इथेच.

प्रमाणाला फार महत्त्व आहे. एक किलो मॅटला साधारण दोन ते अडीच किलो रेझीन लागते, रोव्हिंगला जवळपास त्याच्याच वजनाइतके. रेझीन कमी पडले तर काच कोरडी राहते. अशी जागा आतून पांढुरकी दिसते. जास्त ओतले तर तो भाग ठिसूळ होतो, कारण बळ काचेत आहे, रेझीन तिला फक्त धरून ठेवते. रेझीन आळावे म्हणून हार्डनर घालतात, शेकडा एक ते दोन. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात रेझीन भराभर आळते म्हणून हार्डनर फार कमी केला तर ते पुरते कडक होत नाही. पावसाळी दमट हवेत काम केले तर मॅट ओल शोषते आणि थर नीट चिकटत नाहीत. मालाने भरलेली पण बंदिस्त छप्पर नसलेली शेड दिसली तर गिऱ्हाइकाने तिथेच सावध व्हावे.

इथे कारागिराच्या जिवाचाही विचार हवा. रेझीनमधली स्टायरीनची वाफ डोळे आणि डोके दुखवते, घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. कोबाल्टचा प्रवेगक आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही रेझीनमध्ये वेगवेगळे घालायचे असतात. ज्या शेडमध्ये मास्क, हातमोजे आणि वारा आहे, तिथे वजनकाटाही बहुधा असतो. माणसांची काळजी घेणारा मालक मालाचीही घेतो, असा या धंद्यातला साधा हिशेब आहे.

आता पैसे कुठे वाचवले जातात ते पाहू. पहिली जागा जाडी. तळाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तळ १० मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर केला तर माल एक पंचमांश वाचतो, पण ताठपणा जवळपास निम्मा होतो. मग लाट आपटली की तळ आत-बाहेर लवतो, आणि रोजच्या लवण्याने आतले थर हळूहळू सुटतात. दुसरी जागा रेझीन. साध्या ऑर्थो रेझीनपेक्षा आयसो रेझीन पाण्यापुढे जास्त टिकते, पण महाग असते; दोन्ही डब्यांत सारखेच दिसतात. स्वस्त रेझीनच्या होडीत वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि जेलकोटखाली आंबट वासाच्या पाण्याचे फोड उठतात. तिसरी जागा भुकटी. रेझीनमध्ये खडूची पूड मिसळली की ते भरीव होते, होडी जड भरते आणि वजनावर भरवसा ठेवणारे गिऱ्हाईक फसते. म्हणून नुसते वजन पुरत नाही. होडीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत जाळला तर रेझीन उडून जाते, काच उरते आणि भुकटी वेगळी दिसते. उरलेल्या काचेचे थर सुटे करून मोजताही येतात. खोटे लपवायला तिथे जागाच राहत नाही.

हा तुकडा मिळवायला होडी फोडावी लागत नाही. पाण्याचा निचरा, इंजिनाचा दांडा, नळ्या यांसाठी भोके पाडावीच लागतात. त्या गोल चकत्या बांधणाऱ्याच्या सहीनिशी मागून घ्याव्यात. चकतीच्या कडेवर थर दिसतात, बुडबुडे दिसतात, जाडी मापता येते. चांगल्या बांधणीची एवढी खात्रीची साक्ष दुसरी नाही.

तयार होडी पाहायची तर आतला रंग मारण्याआधी पाहावी. आतून कोरड्या पांढऱ्या जागा, बुडबुड्यांचे पुंजके, नुसत्या रेझीनची थारोळी तेव्हाच दिसतात. नंतर नाण्याने किंवा लहान हातोडीने बाहेरून वीतवीत अंतरावर ठोकत जावे. सलग खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेला किंवा पोकळी आहे असे समजावे. जेलकोटवर एका बिंदूतून फुटणाऱ्या चांदणीसारख्या भेगा म्हणजे धक्का. समांतर रेघा म्हणजे तो भाग सतत लवतो आहे. दुसऱ्या प्रकारच्या भेगा जास्त गंभीर, कारण त्या बांधणीतला दोष सांगतात आणि लांबी वापरून बुजवल्या तरी पुन्हा उमटतात.

मागची पाटी वेगळी तपासावी, कारण आउटबोर्डचे सगळे वजन आणि ओढ तिच्यावर असते. तिच्या पोटात प्लायवूड असते. ते आयएस ७१० मानकाचे मरीन प्लाय हवे, कडा रेझीनने बंद हव्यात आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरू नये. बाजारातले साधे प्लाय वापरले तर वरून अभंग दिसणारी पाटी आतून कुजते, आणि एखाद्या दिवशी इंजिनासकट उखडते. आतले आडवे-उभे टेकू तळाला गोलसर सांध्याने जोडलेले असावेत. टेकूची धार थेट तळावर टेकली तर लवणारा तळ नेमका त्या रेषेवर फाटतो.

शेवटची आणि जिवाची गोष्ट तरंगण्याची. लाकडी होडी उलटली तरी तरंगते. काच आणि रेझीनचा हा पदार्थ पाण्याच्या सुमारे दीडपट जड आहे. होडी भरली तर ती तळाला जाते. म्हणून बंद कप्प्यांत फोम भरलेला असलाच पाहिजे. थर्माकोल उघडाच ठेवून त्यावर रेझीन ओतले तर स्टायरीन त्याला विरघळवते आणि कप्पा रिकामाच राहतो. फोम कोणता, किती, कुठे, हे विचारण्यात कुणालाही संकोच वाटू नये. त्या फोमवर चार खलाशांचे प्राण अवलंबून असतात.

हे सगळे जमते का, याचे उत्तर गोव्यात दिवाडी बेटावर आहे. रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस बोटयार्डमध्ये ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका घडली: लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर काचतंतूचे थर. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. ती घडत असताना दोंदे स्वतः यार्डात कामावर लक्ष ठेवून होते, त्या थरांवर जीव टाकायचा तर ते कसे पडतात हे त्यांनी पाहिले होते. त्याच यार्डातून २०१७ साली ‘तारिणी’ उतरली आणि नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून जगाला वळसा घातला. दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारे द्रव्य मूळचे तेच, काचतंतू आणि रेझीन. फरक पडतो तो निगराणीने.

उलटे उदाहरणही समोर आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीच्या ओघात पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत फायबर होड्या घाईघाईने बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेक कमी दर्जाच्या असल्याचा इशारा अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांना द्यावा लागला. देणाऱ्यांनी होड्यांची संख्या मोजली, थर मोजले नाहीत.

मी हे लिहितो आहे ते ग्वाल्हेरच्या दाना ओलीतून. समुद्र इथून लांब आहे. आमचे मोठे पाणी म्हणजे तिघरा धरणाचा तलाव. त्या धरणाचा धडा होडीलाही लागू पडतो. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यासाठी आखलेली स्वयंचलित दारे तिघऱ्यालाही बसली होती, भिंत चिरेबंदी होती. तरीही १९१७ साली ती फुटली, कारण पाणी पायाखालच्या खडकातून झिरपले होते. वरच्या बांधणीला नावे ठेवायला जागा नव्हती; दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होता. पुढे धरण पुन्हा बांधले गेले. तलावावर जाळे टाकणाऱ्या माणसाची होडीही त्याच कसोट्यांवर तपासावी. लाटा लहान असल्या तरी पाणी आत शिरायला तितकेच उत्सुक असते.

मग किमतीचे काय? फुटाच्या दराने होडीची तुलना करणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. योग्य प्रश्न असा की या पैशात काच किती किलो, रेझीन कोणते, प्लाय कोणते आणि फोम किती. ३० चौरस मीटर अंगाच्या होडीत सर्वत्र २ मिलिमीटर जाडी कमी केली तर जवळपास ९० किलो माल वाचतो. स्वस्त होडीतली बचत बहुधा तिथूनच आलेली असते. जुनी होडी घेताना पाटी, तळ आणि दुरुस्तीच्या जागा आधी बघाव्यात. नीट केलेल्या दुरुस्तीत फुटलेल्या कडा जाडीच्या बारापट लांब उतारावर घासून थर चढवलेले असतात. नुसते ठिगळ पुढच्या हंगामात सुटते. आणखी एक हिशेब पुढच्या पिढीचा: फायबर कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. किनाऱ्यावर टाकलेली निकृष्ट होडी तिथेच पडून राहते. जी होडी पंचवीस वर्षे चालते ती गावाचा कचराही कमी करते.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीऐवजी नवी होडी घेण्यासाठी अर्थसाहाय्याची तरतूद झाली, सर्वसाधारण लाभार्थीला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. उरलेली रक्कम बहुधा कर्जातून येते आणि हप्ते होडीपेक्षा जास्त काळ चालता कामा नयेत. म्हणून प्रत्येक होडीबरोबर तीन गोष्टी मिळाव्यात: कोणत्या भागात कोणते थर घातले याचा सही केलेला कागद, भोकांतून निघालेल्या चकत्या आणि काट्यावरच्या वजनाची पावती. यांचा खर्च नगण्य आहे. प्रामाणिक बांधणारा त्या आनंदाने देईल, कारण आज त्याची चांगली होडी आणि शेजारच्याची पोकळ होडी गिऱ्हाइकाला सारखीच दिसते आणि त्यात नुकसान त्याचेच होते. मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्र मागणी केली तर एका हंगामात ही रीत पडू शकते. एकट्या नाखव्यालाही ती मागता येते, आगाऊ रक्कम देण्याआधी.