दत्तकाची गादी आणि कन्येचा हक्क

१७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटगे घराण्यातील एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बसला. यशवंतराव हे त्याचे जन्मनाव. जयसिंगराव आबासाहेब हे त्याचे वडील आणि मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई ही त्याची आई. आई तर त्यास अगदी बालपणीच अंतरली होती. हाच बालक पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून विख्यात झाला, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. परंतु तो गादीवर कसा आला, आणि त्याच्या वंशाची गादी पुढे कोणत्या वाटेने चालली, हा विचार आजही बोधप्रद आहे.

रक्ताचा अखंड धागा कोल्हापुरास फारसा लाभलाच नाही. संभाजी महाराज १७६० साली निपुत्रिक वारले, तेव्हा जिजाबाईंनी १७६२ साली दत्तक घेऊन राज्य राखले. १८४८ साली साताऱ्याचा दत्तक कंपनी सरकारने नाकारला आणि ते राज्य गिळंकृत केले. तो प्रसंग कोल्हापुरावर ओढवला नाही. १८६६ साली दत्तक आलेले राजाराम महाराज १८७० साली परदेशातून परतताना फ्लॉरेन्स येथे विशीतच निवर्तले. त्यांच्या मागून १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले गेले, व १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या अंमलदाराच्या पहाऱ्याखाली, त्यांचा अंत झाला. याच प्रकरणावर लिहिल्याबद्दल टिळक व आगरकर यांस १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. गादीवर कोण बसावे आणि बसलेल्याचे काय व्हावे, हे परकी सत्तेच्या मर्जीवर होते, हे यावरून उघड होते. अशा राजाच्या विधवा आनंदीबाई यांनी यशवंतरावांस मांडीवर घेतले.

आता पुढचा भाग पहावा. शाहू महाराजांस दोन पुत्र व दोन कन्या. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ साली शिकारीतील अपघातात वारले. थोरले राजाराम महाराज १९४० साली मरण पावले; त्यांस कन्या होती, पुत्र नव्हता. कन्येचा विचार न होता, १९४२ साली एका तान्ह्या बालकास दत्तक घेण्यात आले. तो बालराजा १९४६ साली, पाच वर्षांचाही न होता, गेला. तेव्हा दरबाराची दृष्टी कोठे वळली? शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब या देवासच्या थोरल्या पातीत दिल्या होत्या. त्यांचे पुत्र विक्रमसिंह यांस १९४७ साली आणून शहाजी महाराज म्हणून गादीवर बसविले.

आमचा आक्षेप येथेच आहे. कन्या वारस होऊ शकत नव्हती. पण तिचा पुत्र मात्र, दुसऱ्या घरचे नाव व दुसऱ्या संस्थानची गादी सोडून, वारस होऊ शकत होता. जिच्यावाचून रक्त पुढे जाऊ शकत नाही, तिच्याच हाती सत्ता जाऊ द्यावयाची नाही, हा कोणता न्याय? १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवाविवाहाचा कायदा करणाऱ्या राजाच्याच घरात ही रूढी अबाधित राहिली, हे अधिक खेदाचे. दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हे. तो वंश म्हणजे केवळ पुरुष, असे मानणाऱ्या शास्त्राचा होय.

संस्थान १९४९ साली विलीन झाले, तनखे १९७१ साली गेले. गादीस आता केवळ मान उरला आहे. परंतु हा प्रश्न राजवाड्यापुरता कधीच नव्हता. १९५६ च्या कायद्यांनी कन्येस दत्तक घेण्याची व वारसाहक्काची वाट उघडली आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतःच पुत्राइतका हक्क दिला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल गावोगाव चालूच आहे. ज्यांस शाहूंचे नाव अभिमानाने घ्यावयाचे असेल त्यांनी एवढे ध्यानी धरावे की, कागलच्या त्या बालकास गादी दत्तकविधानाने मिळाली, राजर्षी ही पदवी मात्र कृतीने मिळाली. ती कृती आपल्या घरच्या सात-बाऱ्यावर लेकीचे नाव चढवून पुढे चालविता येते.